जमीन मोजणाऱ्याला सनद का नाही, आणि तुमच्या दोन गुंठ्यांचं काय

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तासगाव तालुक्यात एका गटातली तीस गुंठे द्राक्षबाग तुम्ही खरेदी केली. नंतर खाजगी सर्व्हेअर बोलावून रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवर चालणाऱ्या यंत्राने, मोजून घेतली, तेव्हा पूर्वेच्या शेजाऱ्याने दोन गुंठे दाबल्याचं नकाशात दिसलं. शेजाऱ्याने विचारलं, "तुमच्या सर्व्हेअरकडं लायसन हाय का?" सर्व्हेअरने शहरातलं बांधकाम नकाशांचं लायसन दाखवलं. शेजाऱ्याने ते मानलं नाही आणि तलाठ्यांनीही तो नकाशा घेतला नाही. आता तुम्ही विचारताय की वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, सीएला परीक्षा आणि संस्था आहे. मग ज्याच्या एका रेषेवरून भावाभावांत पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद होतं, त्या जमीन मोजणाऱ्याला कायद्याने परवाना का नाही?

मी भूमि अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी नोकर होतो. पाटण-जावळीच्या डोंगरात मोजण्या केल्या, वाळवा-मिरजेच्या कृष्णाकाठीही केल्या. आता मिरजेत खाजगी काम करतो. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. परवाना का नाही, हा एक. तुमचा नकाशा का चालला नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल असं वाटतं, पण त्याच सर्व्हेअरच्या हातात उद्या सरकारी परवाना असता तरी तुमचं काम बहुतेक इथंच अडलं असतं. त्याचं कारण पुढे येईल. आधी जुना इतिहास, कारण आजची पद्धत तिथूनच आलीय.

इंग्रजांच्या आधी आपल्याकडे जमीन मोजत नव्हते असं नाही. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली काठीने मोजणी झाली. पाच हात पाच मुठींची काठी, आणि वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा. पण ती मोजणी शेतसारा ठरवण्यासाठी होती. बांधाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला तर तो साक्षीने सुटायचा. गोतसभा बसायची, वतनदार यायचे, गावची शीव कुठून जाते हे दाखवायची जबाबदारी महार वतनदाराची असायची आणि त्याच्या शब्दाला वजन होतं. हद्द माणसांच्या आठवणीत होती, आणि आठवण सांगणाऱ्याला गावासमोर उभं राहून सांगावं लागे.

पेशवाई गेल्यावर, १८२७ च्या सुमारास, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात नवी मोजणी सुरू केली. प्रत्येक जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यावर सारा बसवायचा, असा तिचा विचार. कागदावर फार शास्त्रशुद्ध. पण मोजणारे आणि जमिनीची प्रत लावणारे खालचे कामगार पैसे घेऊन आकडे फिरवू लागले, आकारणीही जड बसली, आणि रयत जमिनी टाकून निघून गेली. शेवटी ती पद्धत सोडून द्यावी लागली. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून पुन्हा सुरुवात केली, आणि त्या अनुभवावर १८४७ चा संयुक्त अहवाल तयार झाला. सर्व्हे नंबर, टिप्पण (म्हणजे शेताच्या मापांची मूळ नोंद), हद्दीच्या खुणा, तीस वर्षांसाठी ठरलेला सारा, हे सगळं तिथून आलं.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ उत्तर याच वीस वर्षांत आहे. मोजणारा माणूस लबाडी करू शकतो हे सरकारला प्रिंगलच्या वेळी कळलं. त्यावर दोन उपाय होते. मोजणाऱ्याला शिकवून, परीक्षा घेऊन, त्याच्या नावाने सनद देऊन चुकीसाठी त्यालाच जबाबदार धरायचं, हा एक. नाहीतर त्याला कचेरीचा नोकर ठेवायचं, त्याच्या वर तपासणारा नेमायचा, काही शेतं पुन्हा मोजून त्याचं काम ताडायचं, आणि सगळे कागद कचेरीच्या दप्तरात बंद ठेवायचे. आपल्याकडे दुसरा उपाय निवडला गेला. भूकरमापकाने मोजायचं आणि निमतानदाराने तपासायचं, ही आजची रीत त्याच वळणाची.

१८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं आणि ही मोजणी तिकडे आली. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती, त्यांनी आपापल्या वेळी मोजण्या करून घेतल्या. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचंच नाव सांगली पडलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या भागात शेजारच्या दोन गावांचं जुनं रेकॉर्ड कधी कधी वेगवेगळ्या राजवटीत तयार झालेलं असतं. ते न बघता रोव्हर घेऊन शेतात उतरणाऱ्याला मी तरी सर्व्हेअर म्हणणार नाही, त्याचं यंत्र कितीही महागाचं असो.

पुढचे कायदे याच पायावर रचले गेले. मुंबई इलाख्याचा १८६५ चा मोजणीचा कायदा, १८७९ ची जमीन महसूल संहिता आणि आज चालू असलेला १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम. या सगळ्यांत मोजणी करणारा हा सरकारी नोकर गृहीत धरलाय. हद्दी आणि हद्दीच्या खुणांवर अख्खं प्रकरण आहे. आपण 'हद्द कायम'चा, म्हणजे रेकॉर्डवरची हद्द जमिनीवर दाखवून घेण्याचा अर्ज देतो तो त्यातल्या कलम १३६ खाली. खाजगी भूमापक हा धंदाच कायद्याच्या नजरेसमोर नव्हता, मग त्याचं नियमन कोण करणार? स्वातंत्र्यानंतर सनदी लेखापालांचा कायदा १९४९ मध्ये आला, वकिलांचा १९६१ मध्ये, वास्तुविशारदांचा १९७२ मध्ये. हे लोक सरकारच्या बाहेर, लोकांकडून फी घेऊन काम करणारे होते. जमीन मोजणारा कचेरीत होता, म्हणून त्याच्यासाठी देशपातळीवर तसा कायदा झाला नाही. आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड आहे, सिव्हिलची पदविका आहे, आणि खात्याच्या भरतीला हीच पात्रता चालते. पण हे शिक्षण झालं, शेताची हद्द ठरवायचा अधिकार झाला नाही. तुमच्या सर्व्हेअरने दाखवलेलं लायसनही खरंच असणार. बांधकामाचे नकाशे दाखल करण्यासाठी महापालिका, नगरपालिका असं लायसन देतात. त्याचा शेताच्या बांधाशी संबंध नाही.

बाहेरच्या देशांत वेगळं का झालं, हेही बघण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये सर्व्हेअर लोकांनी १८६८ मध्ये स्वतःची संस्था काढली आणि १८८१ मध्ये तिला राजाज्ञेची सनद मिळाली. म्हणजे धंद्यातल्या लोकांनीच स्वतःवर शिस्त घालून घेतली. फ्रान्सने १९४६ च्या कायद्याने या लोकांची अधिकृत परिषद केली आणि हद्द ठरवणारे नकाशे काढण्याचं काम फक्त तिच्या सभासदांकडे दिलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १८९१ मध्ये जमीन मोजणाऱ्यांना परवाना लावला. मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते वायोमिंग राज्याचं उदाहरण. कोरडा मुलुख, शेती कालव्याच्या पाण्यावर. पाण्याचा हक्क मागायचा तर अर्जाला नकाशा जोडावा लागे, आणि ते नकाशे कोणीही काढत होतं, अगदी वकील आणि नोटरीसुद्धा. नकाशे चुकीचे निघायचे, एका पाण्यावर अनेकांचे दावे चढायचे, आणि खरा शेतकरी कोरडा राहायचा. म्हणून १९०७ मध्ये त्या राज्याने अभियंते आणि भूमापक दोघांनाही परवाना सक्तीचा केला. टेंभू-म्हैसाळ योजनांच्या पाण्याची वाट बघत वर्षं काढलेल्या माणसाला त्यामागची तळमळ समजावून सांगावी लागणार नाही.

या सगळ्या ठिकाणी परवान्याबरोबर एक गोष्ट आली: नकाशावर सही करणारा माणूस त्या नकाशाला बांधला जातो. चूक निघाली तर त्याची चौकशी होते, परवाना जातो, नुकसानीचा दावा लागतो. आपल्याकडे तीच जबाबदारी कचेरी उचलते. म्हणून मोजणीच्या नकाशाच्या 'क' प्रतीवर सही-शिक्का असतो, आणि ती पटली नाही तर वर निमताना, म्हणजे वरिष्ठाकडून तपासणीची मोजणी, मागता येतो. तुमच्या सर्व्हेअरच्या नकाशामागे यांतलं एकही नाही. त्याने चुकीची रेषा दिली असेल तर तुम्ही कोणाकडे जाणार? शेजाऱ्याने लायसनचा प्रश्न तिरकसपणे विचारला असेल, पण प्रश्न बरोबर आहे.

कोर्टही असंच बघतं. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे सरकारच्या अधिकाराने तयार झालेला नकाशा अचूक आहे असं कोर्ट गृहीत धरतं. दाव्यासाठी मुद्दाम काढलेला नकाशा मात्र अचूक आहे हे सिद्ध करावं लागतं. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. खाजगी सर्व्हेअर तज्ज्ञ म्हणून साक्ष देऊ शकतो, त्याला बंदी नाही. पण उलटतपासणीत पहिले प्रश्न असे येतात: शेजाऱ्यांना नोटीस दिली होती का, कोणत्या मूळ रेकॉर्डवरून मोजलं, सुरुवात कोणत्या खुणेपासून केली? तिथं बहुतेक जण गप्प होतात. म्हणून अतिक्रमणाच्या दाव्यात कोर्ट बहुधा भूमि अभिलेखच्याच अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करून घेतं.

आता तुमच्या शेतात येऊ. इथून पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमचे कागद बघितल्याशिवाय ठाम कोणी सांगू नये.

पहिली गोष्ट ही बघायची की तुमचे तीस गुंठे म्हणजे पूर्ण गट आहे की गटाचा तुकडा. तुम्ही 'गटातली तीस गुंठे' असं लिहिलंय, म्हणजे तुकडा असावा. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली सर्व्हे नंबरांचे गट झाले. त्यानंतर वारसांनी आपसात वाटून घेतलं आणि खरेद्या झाल्या. सातबाऱ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे क्षेत्र लागलं, पण अनेक गटांची पोटहिस्सा मोजणी, म्हणजे आतल्या हिश्श्यांची मोजणी, झालीच नाही. म्हणजे नकाशात गटाची बाहेरची हद्द आहे, आत एकही रेषा नाही. तुमचा गट असा असेल, तर तुमच्या आणि पूर्वेच्या शेजाऱ्याच्या मधली रेषा सरकारी रेकॉर्डवर नाहीच. मग तुमच्या सर्व्हेअरने दोन गुंठे कशावरून काढले? बहुतेक वहिवाटीचा बांध धरून त्याने क्षेत्र काढलं, ते अठ्ठावीस भरलं, आणि उरलेले दोन पूर्वेच्या शेजाऱ्याच्या नावावर टाकले. ते दोन गुंठे पश्चिमेकडच्या माणसाकडे असतील, रस्त्यात गेले असतील, पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत असतील, किंवा विकणाऱ्याकडे मुळात तेवढी जमीन प्रत्यक्षात नसेलच. नुसतं क्षेत्र कमी भरलं म्हणून कोणाकडे बोट दाखवता येत नाही.

त्या सर्व्हेअरकडे परवाना असता तरी काम अडलं असतं असं मी वर म्हटलं, ते यासाठी. रेकॉर्डवर नसलेली रेषा परवानाधारकालाही जमिनीवर दाखवता येत नाही.

समजा पूर्ण गट आहे किंवा पोटहिस्सा मोजणी झालेली आहे. तरी रोव्हरच्या आकड्यावर लगेच भांडायला जाऊ नका. आपली जुनी टिप्पणं ३३ फुटांच्या साखळीची आहेत. साखळीचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित मोठा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. तुमचा तुकडा दहा साखळ्या लांब आणि तीन साखळ्या रुंद धरा, म्हणजे बरोबर तीस गुंठे. लांबीच्या बाजूने रुंदीत एका आण्याचा फरक पडला तर सहाशे ऐंशी चौरस फूट इकडचे तिकडे होतात, अर्ध्या गुंठ्याहून जास्त. तुमचे दोन गुंठे म्हणजे त्या लांबीवर साडेसहा फुटांची पट्टी, साधारण सव्वातीन आणे. ज्याने दीडशे वर्षांपूर्वी काट्याकुट्यांतून साखळी ओढली, त्याच्या नोंदीत एवढी तफावत असू शकते, आणि खरोखरचं अतिक्रमणही असू शकतं. दोन्हीतला फरक ओळखायचा तर गटाच्या एका बाजूने नाही, चारही बाजूंनी जुन्या खुणा शोधाव्या लागतात. मूळ दगड, तिवड्याची (तीन हद्दी मिळतात ती) जागा, जुनी विहीर, नाल्याचं वळण. रोव्हर सेंटीमीटरपर्यंत बरोबर सांगतो, पण तो बिंदू कुठं आहे एवढंच सांगतो. तो बिंदू टिप्पणातला कोणता, हे माणसाला ठरवावं लागतं. डोंगरी भागात तर आणखी एक भर पडते: लोक उतारावरून टेप टाकतात, नकाशा सपाट अंतर धरतो, आणि उतारावरचं अंतर नेहमी जास्तच भरतं.

आता परवान्याचं आज काय चाललंय तेही सांगतो, कारण चित्र बदलतंय. २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीचे नियम मोकळे केले, त्यामुळे खाजगी माणसाने अशी यंत्रं वापरून मोजायला आडकाठी राहिली नाही. हद्दीला कायद्याचा आधार मात्र राज्याच्या महसूल कायद्यातूनच मिळतो. जतच्या पलीकडे कर्नाटकात परवानाधारक सर्व्हेअर बरीच वर्षं आहेत. तिथं गटाचा तुकडा विकायचा तर खरेदीच्या आधी '११ ई' नकाशा लागतो. तो परवानाधारक काढतो आणि सर्व्हे खातं मंजूर करतं. सीमाभागातले माझे पक्षकार हे बघून मला विचारायचे की आपल्याकडे हे कधी होणार. २०२५ मध्ये आपल्या राज्य सरकारनेही जाहीर केलं की परवाना दिलेल्या खाजगी भूमापकांकडून मोजणी करून घ्यायची आणि ती प्रमाणित भूमि अभिलेखने करायची. तुमच्या तालुक्यात त्याची अंमलबजावणी कुठवर आलीय ते भूमि अभिलेखच्या उप अधीक्षक कार्यालयात विचारून घ्या.

मला हा बदल मनापासून हवा आहे. खात्यात माणसं कमी, अर्ज भरमसाट, आणि मोजणीच्या तारखेची वाट बघता बघता साधा वाद मारामारीवर जातो, हे मी खूप पाहिलंय. पण परवाना म्हणजे नुसतं ओळखपत्र असेल तर आपण पुन्हा प्रिंगलच्या वेळेला जाऊ. परवानाधारकाने मूळ टिप्पण घेतल्याशिवाय शेतात उतरू नये, लगतच्या सगळ्यांना नोटीस द्यावी, प्रत्यक्ष घेतलेली मापं नकाशाबरोबर कचेरीत जमा करावीत, आणि चूक जाणूनबुजून केलेली निघाली तर परवाना रद्द व्हावा. एवढं असेल तर लोकांना खरोखर आधार होईल.

तुम्ही काय करावं ते सांगतो. आधी भूमि अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा, उपलब्ध असेल ते टिप्पण किंवा फाळणी (हिश्श्यांचा) नकाशा आणि एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा काढा. खरेदीखतातल्या चतुःसीमा त्याला लावून बघा. गटाचा तुकडा असेल आणि पोटहिस्सा झालेला नसेल, तर हद्द कायमचा अर्ज करून पैसे घालवू नका. गटातल्या सगळ्या सहधारकांना बसवून, संमतीने पोटहिस्सा मोजणीचा विचार करा. शेजारी आज चिडलेला असला तरी रेषा रेकॉर्डवर येण्यात त्याचाही फायदा आहे, आणि हे त्याला तुमच्या सर्व्हेअरपेक्षा गावातलं वडीलधारं माणूस चांगलं पटवेल. पूर्ण गट असेल तर ई-मोजणी या खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर हद्द कायमचा अर्ज करा. लगतच्या प्रत्येक खातेदाराचं नाव आणि पत्ता बरोबर द्या. नोटीस न पोचल्यामुळे वाया गेलेल्या मोजण्या कमी नाहीत. मोजणीच्या दिवशी तुमचा खाजगी सर्व्हेअर जरूर हजर ठेवा, पण भूकरमापकाशी वाद घालायला नाही. खुणा कोणत्या धरल्या हे समजून घ्यायला आणि तुमची हरकत जबाबात नीट लिहून घ्यायला त्याचा उपयोग होतो.

'क' प्रत मिळाली आणि अतिक्रमण निघालं, तरी मोजणी ताबा देत नाही. शेजारी सरळपणे सोडत नसेल तर ताब्यासाठी दिवाणी कोर्टात जावं लागेल. बांध रातोरात जेसीबीने सरकवू नका. हद्दीच्या खुणा मोडणं हा दंडाला पात्र गुन्हा आहे, आणि एकदा खुणा गेल्या की तुमचीच बाजू लंगडी पडते.

अर्ज करताना तारखेचाही विचार करा. मांडवाखाली पानांची दाटी असताना रोव्हरला वरून नीट सिग्नल मिळत नाही, आणि वेलींच्या ओळींतून सरळ नजर टाकता येत नाही. माल उतरला, एप्रिलची खरड छाटणी झाली, की मांडव उघडा असतो आणि बांध कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दिसतो. तारीख त्या पंधरवड्यात पडेल अशा बेताने अर्ज भरा, आणि पूर्वेच्या शेजाऱ्याला त्याआधी स्वतः जाऊन सांगा.